नभोवाणीचा १५ ऑगस्ट १९४७ : एका दिवसाच्या कार्यक्रमांचें परीक्षण

बखर, पत्र, शकावली, महजर यांची पारख कशी करावी याचे नियम आपल्याकडे आतां बरेचसे ठरून गेले आहेत. कागद अस्सल कीं नक्कल, लिहिणारा प्रत्यक्षदर्शी कीं ऐकीव सांगणारा, मजकूर कोणाला उद्देशून आहे, तारीख वाराशीं जुळते कीं नाहीं, हे प्रश्न विचारल्यावांचून कोणीहि जबाबदार संशोधक कागद पुढें ठेवीत नाहीं. परंतु नभोवाणीवरून उच्चारलेल्या शब्दाची गांठ पडली कीं हा सारा सावधपणा आपण विसरतों. आवाज कानीं आला म्हणजे तो अस्सल. आणि अस्सल आहे म्हणजे तेवढाच पुरे, असें मानून ग्रंथकार पुढें जातात. १४ ऑगस्ट १९४७ च्या रात्रीपासून १५ ऑगस्टच्या रात्रीपर्यंत ऑल इंडिया रेडिओवर जें बोललें व गाइलें गेलें, त्याच्याविषयींचें बहुतेक लेखन या दोषानें भरलेलें आहे. एका मनुष्याचें एक इंग्रजी भाषण म्हणजेच तो दिवस, असें समीकरण रूढ झालें आहे. तें तपासून पाहावें, एवढाच या लेखाचा हेतु.

प्रथम साधनाची मर्यादा सांगितली पाहिजे. फाळणीनंतर हिंदुस्थानच्या वांट्यास दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रास, लखनौ व तिरुचिरापल्ली हीं सहा केंद्रें आलीं. लाहोर, पेशावर व ढाका हीं तीन पाकिस्तानकडे गेलीं. सहा केंद्रांचे मिळून ध्वनिक्षेपक अठरा. त्यांच्या टापूंत देशाचा शेंकडा अडीच भूप्रदेश आणि शेंकडा अकरा लोक येत. म्हणजे ‘राष्ट्रानें त्या रात्रीं ऐकलें’ हें वाक्य लिहितांना दर शंभर माणसांतील एकुणनव्वद वगळून आपण लिहीत असतों. आणि उरलेल्या अकरांपैकीं घरांत यंत्र असणारे किती थोडे, हें त्या काळच्या यंत्राची किंमत ज्यांना ठाऊक आहे त्यांना सांगावयास नको. संस्थानी प्रदेशांत हैदराबाद, औरंगाबाद, म्हैसूर, बडोदें व त्रिवेंद्रम येथें निराळीं केंद्रें होतीं. त्यांपैकीं म्हैसूरच्या केंद्रानें ‘आकाशवाणी’ हें नांव ऑल इंडिया रेडिओच्या कितीतरी आधीं धारण केलेलें होतें. मराठवाड्यांतील श्रोत्याच्या अगदीं जवळचें केंद्र औरंगाबादचें, आणि तें निजामाच्या सत्तेखालीं. त्याला हा उत्सव दूरच्या केंद्राची लहर पकडून, खरखरींतून ऐकावा लागला असणार. गोमंतकांत तर पोर्तुगीज अंमल आणखी चौदा वर्षें राहावयाचा होता.

आतां त्या रात्रीकडे वळूं. घटनासमितीची बैठक रात्रीं अकरा वाजतां सुरू झाली आणि तिचें ध्वनिक्षेपण झालें. कामकाजाचा छापील वृत्तांत उपलब्ध असल्यामुळें क्रम निश्चित सांगतां येतो. आरंभीं सुचेता कृपलानी यांनीं ‘वंदे मातरम्’ चें पहिलें कडवें गाइलें. अध्यक्ष राजेंद्रप्रसाद बोलले. हुतात्म्यांसाठीं सभा दोन मिनिटें स्तब्ध उभी राहिली. नंतर नेहरूंनीं प्रतिज्ञेचा ठराव मांडला. त्यास चौधरी खलिकुज्जमान यांनीं अनुमोदन दिलें, आणि हेच गृहस्थ पुढें थोड्याच महिन्यांत पाकिस्तानांत गेले. मागून राधाकृष्णन् बोलले. बाराचे ठोके पडल्यावर सभासदांनीं उभें राहून प्रतिज्ञा घेतली. हंसा मेहता यांनीं स्त्रियांच्या वतीनें ध्वज अर्पण केला, आणि ‘सारे जहाँ से अच्छा’ व ‘जनगणमन’ यांच्या आरंभींच्या ओळींनीं बैठक संपली.

या क्रमांत तीन गोष्टी लक्ष देऊन पाहण्यासारख्या आहेत. पहिली, नेहरूंचें तें जगप्रसिद्ध भाषण मध्यरात्रींचें नव्हे, मध्यरात्रीपूर्वींचें आहे. मध्यरात्रीं झाली ती प्रतिज्ञा. दुसरी, वृत्तांतांत नेहरूंचें आधीं हिंदुस्थानी भाषण आहे, आणि इंग्रजी त्यामागून. दोहोंचा गाभा एक असला तरी एक दुसऱ्याचें भाषांतर नव्हे. हिंदुस्थानींत वाक्यें आखूड आहेत, आणि प्रतिज्ञा अजून पुरती फेडली गेलेली नाहीं ही कबुली तेथें पहिल्या कांहीं वाक्यांतच येते. शाळेच्या क्रमिक पुस्तकांतून, स्मरणिकांतून, चित्रपटांतून जें पिढ्यान् पिढ्या ऐकविलें जातें तें केवळ इंग्रजी. इंग्रजी भाषणाची भव्यता आम्ही नाकारीत नाहीं. तथापि जग निद्रिस्त असल्याची जी कल्पना त्यांत आहे ती अलंकार म्हणूनच घ्यावी. त्या घटकेस लंडनांत संध्याकाळ होती आणि न्यूयॉर्कांत भर दुपार. तिसरी गोष्ट राधाकृष्णन् यांच्या भाषणाची. त्यांना नेहरूंची विनंति होती कीं बारा वाजेपर्यंत बोलत राहावें, म्हणजे प्रतिज्ञा बरोबर मध्यरात्रीं घेतां येईल. त्या भाषणाची लांबी विषयानें ठरविलेली नसून घड्याळानें ठरविलेली आहे. असें असतांहि त्यांत भरतीचा मजकूर फारसा दिसत नाहीं; लांच, वशिला, सत्तालोभ व काळाबाजार यांचा जो रोखठोक उल्लेख त्यांनीं केला तो त्या रात्रींच्या इतर कोणत्याहि भाषणांत इतक्या स्पष्टपणें आढळत नाहीं. आमच्या मतें त्या बैठकींतील सर्वांत निर्भीड बोलणें तेंच होय, आणि सर्वांत कमी उद्धृत झालेलेंहि तेंच.

परंतु याहूनहि महत्त्वाचा भेद निराळाच आहे. घटनासमितींतील भाषण हें सभागृहांतील सभासदांना उद्देशून केलेलें. नभोवाणीनें तें श्रोत्यांस नुसतें ऐकूं दिलें. श्रोता तेथें दारांत उभा राहिलेल्या माणसासारखा आहे. नभोवाणीकरितां म्हणून, घरांत बसलेल्या मनुष्याला समोर कल्पून नेहरूंनीं केलेलें भाषण वेगळें आहे. तें १५ ऑगस्टचें. त्यांत त्यांनीं आपण अधिकारपदावरून प्रथमच बोलत असल्याचें सांगून स्वतःस जनतेचा पहिला सेवक म्हटलें. आणि पुढें काय सांगितलें? आपसांतील दंगेधोपे प्रथम थांबले पाहिजेत. अन्न व वस्त्र यांची टंचाई आहे, किंमती चढल्या आहेत. उत्पादन वाढविणें हें पहिलें काम. जमीनधाऱ्याची पद्धति जुनाट झाली असून ती बदलली पाहिजे. नद्यांना धरणें घालून पाणी व वीज मिळविली पाहिजे. या भाषणांत नियतीचा संकेत नाहीं, निद्रिस्त जगहि नाहीं. भाषा सपाट आहे, कोठें कोठें सरकारी पत्रकासारखी रुक्ष आहे. पण त्या दिवशीं नव्या राज्याचा मुख्य मनुष्य आपल्या प्रजेशीं काय बोलला असा प्रश्न इतिहासकारानें केला, तर उत्तर या भाषणांत शोधावें लागेल. रात्रींच्या भाषणांत नव्हे. पहिल्या भाषणानें दुसऱ्यास झांकून टाकलें याचें कारण वाङ्मयगुण हें तर आहेच. परंतु सभागृहांतील भाषणाची ध्वनिमुद्रिका पुन्हां पुन्हां वाजविली गेली, हेंहि तितकेंच मोठें कारण आहे. जें वाजविलें जातें तें घडलें, आणि जें वाजविलें जात नाहीं तें घडलेंच नाहीं, असा हा प्रकार होतो.

घड्याळाची सत्ता दुसऱ्या एका ठिकाणीं फारच स्पष्टपणें दिसते. अरविंद घोष यांचा जन्मदिवस १५ ऑगस्ट. तिरुचिरापल्ली केंद्रानें त्यांच्याकडे संदेश मागितला, व १४ ऑगस्टला तो त्या केंद्रावरून प्रसृत झाला. पण प्रसृत झाला तो त्यांनीं प्रथम लिहिलेला संदेश नव्हे. पहिला मसुदा नेमून दिलेल्या वेळेंत बसेना, म्हणून त्यांनीं तो संक्षेपून दुसरा केला. दोन्ही पाठ आज छापील उपलब्ध आहेत आणि शेजारीं ठेवून वाचण्यासारखे आहेत. शिवाय हा संदेश त्यांच्या स्वतःच्या आवाजांत नव्हता, दुसऱ्यानें वाचला. म्हणजे एकाच संदेशाचे लेखकाच्या मनांतला, वेळेच्या मापाचा व वाचणाऱ्याच्या तोंडचा असे तीन थर झाले. पोथीच्या बाबतींत असे थर आढळले तर आपण पाठभेदांची टीप देतों. येथें मात्र ‘अरविंदांनीं नभोवाणीवरून सांगितलें’ असें बिनदिक्कत लिहिलें जातें. फाळणी टिकूं नये, देश पुन्हां एक व्हावा, हा त्या संदेशांतील आग्रह कोणत्या थरांत किती जोरानें आहे हें पाहिल्याशिवाय त्याचा आधार घेणें बरें नव्हे.

संगीताकडे येतांना प्रथमच सांगून टाकतों कीं या दिवसाच्या कार्यक्रमांत आम्हांस भाषणांपेक्षां गायन अधिक बोलकें वाटतें. सभागृहांत ‘वंदे मातरम्’ चें एक कडवें झालें होतें. त्यामागें १९३७ सालचा काँग्रेस कार्यकारिणीचा निर्णय होता. राष्ट्रीय प्रसंगीं पहिलीं दोनच कडवीं गावीं असें तेव्हां ठरलें होतें. १५ ऑगस्टच्या सकाळीं मात्र ओंकारनाथ ठाकूर यांनीं नभोवाणीवरून तेंच गीत संपूर्ण गाइलें. रात्रीं एक कडवें आणि सकाळीं संपूर्ण गीत, यांतील विरोध त्या दिवसाच्या राजकारणाचा छेद घेऊन दाखवितो. सभागृहास जें सांभाळून घ्यावें लागलें तें गवयास सांभाळावें लागलें नाहीं. किंवा त्यानें सांभाळण्याचें नाकारलें. ओंकारनाथ हे विष्णु दिगंबर पलुसकरांचे शिष्य. काँग्रेसच्या अधिवेशनांतून ‘वंदे मातरम्’ गाण्याची परंपरा ज्या गुरूनें चालविली, त्याच्या शिष्याकडे तें काम यावें हें योग्यच झालें. त्यांच्या गायनांतील नाट्यमयता कित्येक जाणकारांस रुचत नसे. स्वर थरथरवून रस उत्पन्न करण्याची त्यांची रीत अतिरेकी आहे असा आक्षेप घेतला जाई. त्यांची या गीताची ध्वनिमुद्रिका ऐकतां हा आक्षेप सर्वस्वीं खोटा म्हणतां येत नाहीं. पण गीत लांब आहे, संस्कृतप्रचुर आहे, आणि पुढच्या कडव्यांत त्याचा भाव पालटतो. तें एका श्वासाच्या गायनानें पेलणारें नव्हे. येथें त्यांची रीत कामास आली आहे.

याच गीतासाठीं महाराष्ट्रांतील एका गायकानें नभोवाणीशीं मांडलेला कलह या ठिकाणीं आठवतो. मास्तर कृष्णराव फुलंब्रीकर यांना स्वातंत्र्यापूर्वीं मुंबई केंद्रावर ‘वंदे मातरम्’ गाऊं दिलें गेलें नाहीं, तेव्हां त्यांनीं त्या केंद्रावर बहिष्कार घातला. पुढें हें गीत समूहानें व वाद्यवृंदानें वाजविण्याजोगें आहे हें सिद्ध करण्यासाठीं त्यांनीं चाल बसविली व घटनासमितीच्या सभासदांसमोर ती ऐकविली. २४ जानेवारी १९५० रोजीं ‘जनगणमन’ राष्ट्रगीत ठरलें. ‘वंदे मातरम्’ ला समान मानाचें स्थान देण्यांत आलें. ज्या यंत्रणेनें कांहीं वर्षांपूर्वीं हें गीत तोडलें तीच यंत्रणा १५ ऑगस्टच्या सकाळीं तें अखंड ऐकवीत होती. अधिकारी पुष्कळसे तेच, खोल्या त्याच, यंत्रें तींच; बदलला तो हुकूम. नभोवाणीच्या स्वभावाविषयीं यापेक्षां स्पष्ट पुरावा कोणता हवा?

मद्रास केंद्रावरचें गायन याहून निराळ्या जातीचें. तेथें डी. के. पट्टम्माळ यांनीं सुब्रह्मण्य भारतीचें स्वातंत्र्याच्या आनंदाचें गीत गाइलें. भारती १९२१ सालींच वारला. त्यानें तें गीत स्वातंत्र्य मिळालेंच आहे असें धरून रचलें होतें. म्हणजे पंचवीस वर्षांहून अधिक काळ तें वस्तुस्थितीच्या पुढें धांवत होतें, आणि त्या दिवशीं वस्तुस्थितीनें त्यास गांठलें. ‘पळ्ळु’ हा शेतांत राबणाऱ्या पळ्ळर मजुरांच्या गाण्याचा प्रकार. कवि ब्राह्मण, गायिका ब्राह्मण, आणि नाचूं गाऊं या म्हणणारा मजूर, अशी ही रचना आहे. दिल्लीच्या सभागृहांतील कोणत्याहि वाक्यापेक्षां मजुराचा आनंद येथें अधिक जवळून ऐकूं येतो, असें आम्हांस वाटतें; मग तो उसन्या कंठानें कां असेना.

जें ऐकूं आलें त्याचा हा विचार झाला. जें ऐकूं येऊं शकत नव्हतें त्याचाहि केला पाहिजे. १ मार्च १९४० पासून ऑल इंडिया रेडिओवर हार्मोनियम बंद होता, आणि ही बंदी १९७१ पर्यंत शिथिल झाली नाहीं. श्रुतींना न मानणारें परकी वाद्य म्हणून त्यास बाहेर काढण्यांत आलें होतें. या मतास इंग्रज अधिकाऱ्यांचाहि पाठिंबा होता आणि देशी विद्वानांचाहि, ही त्यांतली गंमत. शास्त्रदृष्ट्या आक्षेप निराधार नव्हता. परंतु महाराष्ट्राची रंगभूमि ज्या सुरावर उभी राहिली, गोविंदराव टेंब्यांसारख्यांनीं जो सूर बोलका केला, भजनी मंडळांत खेडोपाडीं जो ऐकूं येई, तो पेटीचा सूर स्वातंत्र्याच्या दिवशींहि नभोवाणीस नियमानें वर्ज्यच होता. परकीयांनीं घातलेली बंदी परकीय गेल्यावर आणखी चोवीस वर्षें देशी अभिमानाच्या नांवाखालीं चालूं राहिली.

दुसरें वर्ज्य याहून गंभीर. नभोवाणीचें खातें सरदार पटेलांकडे आलें तेव्हां अशी आज्ञा निघाली कीं ज्यांचें खासगी जीवन लोकापवादाचा विषय झालें आहे अशा कलावंतांस कार्यक्रम देऊं नयेत. हिचा रोख कोणावर होता हें उघड आहे. ठुमरी, दादरा, गझल हें सारें गायन ज्या बायांनीं जिवंत ठेवलें, ज्यांच्या आवाजावर ध्वनिमुद्रिकांचा धंदा आणि आरंभींची नभोवाणी चालली, त्या बायांवर. पटेलांची शासनबुद्धि व देशसेवा यांविषयीं आमचा आदर पूर्ण आहे. तरीहि ही आज्ञा अन्यायाची होती असेंच आम्ही म्हणूं. पुरुष गवयांच्या खासगी जीवनाची चौकशी त्या कसोटीनें झाल्याचें दिसत नाहीं. आमच्याकडे अल्लादिया खांसाहेबांची विद्या केसरबाई केरकर व मोगूबाई कुर्डीकर यांनीं वाढविली. गोमंतकाच्या कलावंत घराण्यांचें ऋण मराठी संगीतावर किती आहे याचा हिशेब अजून कोणी मांडलेला नाहीं. अशा देशांत लोकापवादाची व्याख्या केंद्राच्या अधिकाऱ्यानें करावयाची! स्वातंत्र्यदिनाच्या गायनाची यादी वाचतांना हा दरवाजा लावून घेतलेला होता हें ध्यानांत ठेवलें पाहिजे.

वृत्तकथनाचा भाग सर्वांत दुबळा, आणि त्याचा दोष वृत्तनिवेदकांकडे जात नाहीं. त्या दिवशींची सर्वांत मोठी बातमी ही होती कीं सीमा कोठें आहे. आणि ती प्रसिद्धच झालेली नव्हती. रॅडक्लिफ यांचा निवाडा १७ ऑगस्टला जाहीर झाला. मुर्शिदाबादेस १५ ऑगस्टला पाकिस्तानचें निशाण चढलें आणि खुलन्यास हिंदुस्थानचें. दोन दिवसांनीं दोन्ही ठिकाणचीं निशाणें उलटलीं. गुरुदासपुरांतील मनुष्यानें दिवसभर यंत्राशीं कान लावला असता तरी आपण कोणत्या देशांत आहों हें त्यास कळलें नसतें. लाहोर केंद्रावर मध्यरात्रीपूर्वीं ऑल इंडिया रेडिओचें नांव उच्चारलें गेलें, आणि मध्यरात्रीं मुस्तफा अली हमदानी यांनीं उर्दूंत पाकिस्तान ब्रॉडकास्टिंग सर्व्हिसचें. एकाच खोलींतून, कांहीं क्षणांच्या अंतरानें. बाहेर शहर जळत होतें. त्या दिवसाच्या ध्वनिक्षेपणांत आगीचा अंश किती उतरला हा प्रश्न विचारला, तर उत्तर खेदजनक आहे. उत्सवाचे कार्यक्रम अगोदर आंखलेले होते आणि ते आंखल्याप्रमाणें पार पडले.

एक आवाज मात्र आंखणींत बसला नाहीं. गांधीजी त्या दिवशीं कलकत्त्यास बेलियाघाटा येथें हैदरी मंझिल या घरीं होते. उपवास व सूतकताई यांत त्यांनीं दिवस घालविला. संदेशाची मागणी सरकारी खात्याकडून आली, तशी बी. बी. सी. कडूनहि, त्यांनीं दोहोंस नकार दिला. या नकारास कार्यक्रमपत्रिकेंत जागा नसते, म्हणून तो अभ्यासकांच्या नजरेंतून सुटतो. वास्तविक त्या दिवसाच्या ध्वनिक्षेपणांतील हा सर्वांत अर्थपूर्ण भाग आहे. पुढें दिल्लींत त्यांचीं प्रार्थनोत्तर भाषणें ध्वनिमुद्रित होऊन नभोवाणीवरून ऐकविलीं जात, तेव्हां यंत्राचें वावडें हें कारण म्हणतां येत नाहीं. केंद्रांत ते स्वतः एकदांच गेले, १२ नोव्हेंबर १९४७ रोजीं, दिवाळीच्या दिवशीं. आणि बोलले ते कुरुक्षेत्राच्या छावणींतील निर्वासितांशीं. ऑगस्टमधील मौन व नोव्हेंबरांतील भाषण एकत्र वाचल्याशिवाय दोहोंचा अर्थ लागत नाहीं.

शेवटीं साधनांविषयीं एक तक्रार. ‘इंडियन लिसनर’, ‘बेतार जगत’, ‘वानोली’ इत्यादि पत्रांतून छापलेले कार्यक्रम कांहीं लेखक घडलेल्या गोष्टी म्हणून उतरून घेतात. तीं पत्रें अगोदर निघत. त्यांतील मजकूर संकल्पाचा आहे, घटनेचा नव्हे. उलट ध्वनिमुद्रिका घटनेच्या आहेत, पण त्या थोड्या आणि निवडक. जीना यांचें ११ ऑगस्ट १९४७ चें कराचीचें भाषण पाकिस्तानच्या नभोवाणीनें पुढें आपल्या आकाशवाणीकडे मागितलें, आणि तें मिळालें नाहीं. त्या भाषणाचा छापील पाठ तरी आहे. मद्रास, लखनौ, मुंबई या केंद्रांवर त्या दिवशीं प्रादेशिक भाषांतून जें बोललें गेलें, त्याच्या हस्तलिखित संहिता वक्त्यांच्या घरीं, जुन्या पेट्यांतून, अजून असण्याचा संभव आहे. ज्यांच्याजवळ असा कागद असेल त्यांनीं तो रद्दींत घालण्यापूर्वीं मंडळास दाखवावा. नक्कल करून मूळ परत देण्याची व्यवस्था होऊं शकेल.